मार्चअखेरची झुंबड

मार्च उजाडला की मुलुंडच्या धडधाकट पदपथांवरही पहार पडते, हे तिथल्या करदात्यांना नवे नाही. ३१ मार्चपर्यंत न खर्चिलेला निधी व्यपगत होतो, शिवाय पुढील वर्षीच्या तरतुदीस कात्री लागण्याची धास्ती असते. मग बचत करणारा अधिकारी अकार्यक्षम ठरतो आणि उधळणारा कर्तबगार! संरक्षण खात्यालाही हाच नियम लागू आहे. मात्र तेथे आकडे हजारो कोटींचे. विमान वा पाणबुडीचा करार पक्का होण्यास वर्षे लागतात. तो लांबला की भांडवली तरतूद परत जाते, किंवा ती जाऊ नये म्हणून दुय्यम गरजांची खरेदी घाईने उरकण्याचा मोह होतो. अशी घाई आर्थिक औचित्याचा भंग होय, असे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम बजावतात. वित्त मंत्रालयाने मार्चमधील खर्चास अंदाजपत्रकाच्या १५ टक्क्यांची मर्यादाही घातली. तिने फार तर झुंबड फेब्रुवारीत सरकते. व्यपगत न होणाऱ्या २५,००० कोटींच्या संरक्षण निधीची २००४ च्या अंतरिम अर्थसंकल्पातील घोषणा कागदावरच राहिली. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी पुन्हा तशाच निधीची शिफारस केली. संसदेचे वार्षिक नियंत्रण त्यामुळे सैल होईल, ही शंका रास्त आहे. पण आज सोडलेला पैसा उद्या हाती येईल, याची हमी नसता कोणता अधिकारी तो सोडील?