कापून टाका म्हणे!

मंडळी, आज जरा भांडायला बसले आहे. विषय आहे सायलेन्सर. हो, तोच, गाडीच्या पोटाखालून मागे जाणारा आणि बिघडला की अख्ख्या गल्लीला कळतो तो. ज्यांना गाड्यांमध्ये काडीचाही रस नाही त्यांनीही (आत्या, हे तुला) थोडं थांबून वाचावं, कारण भांडण सायलेन्सरवरून सुरू होत असलं तरी ते तुमच्या मिक्सरपर्यंत पोचतं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. माझी मियाटा १९९२ सालची आहे. माझदाने ही दोन सीटची छोटी गाडी १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवली, आणि २०१६ मध्ये तिचा आकडा दहा लाखांवर गेला. दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये इतकी विकली गेलेली दुसरी नाही. म्हणजे ही काही कोण्या राजपुत्राची हौस नव्हे. साध्या पगारदाराला परवडणारी, साध्या पान्यांनी दुरुस्त होणारी गाडी म्हणूनच ती लोकांच्या मनात बसली. आता आम्ही राहतो मिशिगनमध्ये. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तेव्हा मागचा डबा सडला यात नवल नव्हतं. डबा बदलायचा, एवढंच काम होतं. पण डबा कॅटला (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला) जिथे जोडलेला असतो, तिथले नट गंजून स्टडशी एकजीव झाले होते.

इथल्या एका गॅरेजमध्ये गाडी वर उचलली, खालून टॉर्च मारला आणि अर्ध्या मिनिटात निकाल लागला. हे सुटणार नाही. कापून टाकू. कॅटसकट सगळं नवीन घाला. पाना हातातसुद्धा घेतला नव्हता हो! पेशंटची नाडी न बघता "पाय कापावा लागेल" म्हणणाऱ्या डॉक्टरकडे आपण परत गेलो असतो का?

माझा राग त्या एका माणसावर नाही. तो एका मोठ्या संप्रदायाचा साधा वारकरी आहे. "कापून टाका, नवीन घाला" हा तो संप्रदाय. माझं म्हणणं असं आहे की या संप्रदायाचे तीन मंत्र आहेत आणि तिन्ही खोटे आहेत.

पहिला मंत्र: "सुटणार नाही."

नट का अडकतो हे आधी समजून घेऊ. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, दुपटीच्याही वर. नट आणि स्टडच्या आट्यांमध्ये जी केसभर फट असते ती या फुगलेल्या गंजाने ठासून भरते. म्हणजे नट वितळून चिकटलेला नाही, आत कोंबलेल्या भुशामुळे रुतून बसला आहे. आणि रुतलेली वस्तू सोडवायचे उपाय जगाला शंभर वर्षांपासून माहीत आहेत.

आधी तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करायचे. मग आत झिरपणारं तेल लावायचं, आणि लावून लगेच पाना मारायचा नाही. रात्री लावा, सकाळी लावा, परत रात्री लावा. (घरोघरी असतो तो निळा-पिवळा डबा, डब्ल्यूडी-४०, तो मुळात पाणी हटवण्यासाठी १९५३ मध्ये तयार झाला, हे त्याच्या नावातच आहे. गंज भेदण्यासाठी वेगळी तेलं मिळतात, ती वापरा.) मधूनमधून नटाच्या अंगावर हातोडीने टकटक करायची. ठोसे नकोत, टकटक पुरे. त्या कंपनाने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत शिरतं.

एवढ्याने भागलं नाही तर आच. पोलाद तापलं की वाढतं: दर अंश सेल्सियसला दहा लाखांत सुमारे १२ भाग. दहा मिलिमीटरचं भोक असलेला नट ५०० अंशांनी तापवला तर त्याचं भोक साधारण ०.०६ मिलिमीटरने मोठं होतं. हा आकडा चिमुकला वाटेल, पण गंजाची पकड मोडायला तेवढा पुरतो. मात्र आच नटालाच द्यायची, स्टडला नाही, नाहीतर दोन्ही बरोबरीने वाढतात आणि परिस्थिती जैसे थे. गरम नटाच्या कडेला मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांमध्ये ओढलं जातं. मग सहा कोनी सॉकेट, बारा कोनी नको, कारण ते गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतं. आणि सोडवण्याआधी नट किंचित आवळायचा. आधी थोडा घट्ट, मग थोडा सैल, परत थोडा घट्ट. हट्टी पोराची समजूत काढावी तसं.

अर्थात गाडी भक्कम स्टँडवर असली पाहिजे, नुसत्या जॅकवर कधीच नाही. आच देण्याआधी पेट्रोलच्या नळ्या आणि टाकी कुठे आहे ते बघायचं, सांडलेलं तेल पुसायचं, आणि जवळपास ब्रेक क्लीनर मारलेला असेल तर ज्योत पेटवायची नाही, त्यातल्या काही प्रकारांपासून विषारी वायू तयार होतो.

माझ्या गाडीला दोन रात्री आणि एक शनिवार लागला. एक नट फोडायच्या हत्याराने फोडावा लागला, बाकीचे पान्याने निघाले. रबराच्या कड्यांना साबणाचं पाणी लावलं, डबा खाली आला. कॅट शाबूत, स्टड शाबूत. "सुटणार नाही" याचा खरा अर्थ "आम्ही सोडवणार नाही" असा होता, एवढंच यातून सिद्ध होतं. तसं म्हणा ना मग! माझी हरकत नाही. हरकत आहे ती नकाराला निदान म्हणण्याला.

दुसरा मंत्र: "मीठ आहे, गंज चढणारच. निसर्गच आहे तो."

यात निसर्ग थोडा आणि माणसांचे निर्णय जास्त आहेत. रस्त्यावर मीठ आकाशातून पडत नाही. डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांपेक्षा खोल मिठाची खाण आहे, तिथून ते उपसून वर आणलं जातं. बर्फ वितळवायला ते लागतं हे मान्य, घसरून माणसं मरण्यापेक्षा गाड्या गंजलेल्या बऱ्या. पण ज्या देशात दर हिवाळ्यात हे होणार हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे, त्या देशात विकायच्या गाडीच्या सर्वात गरम आणि सर्वात ओल्या जागी साधा पोलादी नट लावणं हा निसर्ग कसा?

हो, ओल्या. सायलेन्सर आतूनही ओला असतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. गाडी दूरवर पळाली तर ते वाफ होऊन निघून जातं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेऊन आणली तर डब्यात साचतं.

आणि गंमत पुढेच आहे. नव्वदच्या दशकापासून बऱ्याच गाड्यांचे पाईप स्टेनलेसचे येऊ लागले, सुमारे ११ टक्के क्रोमियम असलेले. चांगलं आहे. पण त्या भल्याथोरल्या स्टेनलेस पाईपाला जोडायला साध्या पोलादाचा इवलासा बोल्ट! वर खारं पाणी. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली की. त्या बॅटरीत झिजतो तो साधा धातू, आणि तो आकाराने जितका लहान तितका जास्त वेगाने झिजतो. हे इंजिनियरिंगच्या पुस्तकांत असतं. बोल्टवर जस्ताचा मुलामा असतो म्हणाल, तर जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि इंजिनातून निघणारा धूर मॅनिफोल्डपाशी त्याच्या कितीतरी वर तापलेला असतो.

उपाय नाही असंही नाही. पितळी नट लावा. पितळ असं गंजत नाही, आणि स्टड पोलादी असला तरी नट वर्षांनंतरही निघतो. जुन्या गाड्यांचे शौकीन हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. कित्येक जर्मन गाड्यांच्या मॅनिफोल्डवर तांब्याचा मुलामा दिलेले नट असतात, ते काही शोभेसाठी नव्हेत. फ्लँजमध्ये रुतवलेल्या स्टडऐवजी आरपार जाणारा बोल्ट ठेवला तर तो तुटला तरी बिघडत नाही, दुसरा घाला. या सगळ्याचा खर्च किती? गाडीच्या किमतीपुढे चहा-पावाचा.

मग का करत नाहीत? कारण गाडी जोडणाऱ्याच्या सोयीने बनते, सोडणाऱ्याच्या नाही. कारखान्यात तो नट काही सेकंदांत आवळला जातो आणि त्याचा विषय संपतो. अमेरिकेत कॅटवर कायद्याने ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची हमी असते. त्यानंतर नट जाम झाला तर ते ओझं कंपनीच्या वहीत नसतं, तुमच्या-माझ्या वहीत असतं. तेव्हा गंज हा निसर्ग असेलही, पण अडकणं हा हिशेब आहे.

तिसरा मंत्र: "वेळ म्हणजे पैसा."

हा मंत्र जरा वजनदार आहे, त्याला प्रामाणिकपणे उत्तर द्यायला हवं. गॅरेजवाल्याच्या तासाला किंमत आहे. तो दोन रात्री तेल लावत बसला तर त्याचं दुकान बंद पडेल. नट सोडवताना स्टड तुटला तर गिऱ्हाईक त्यालाच शिव्या देणार. पाईपच सडून पापडासारखा झाला असेल तर कापणं हेच शहाणपण, तिथे मीही कापेन. हे सगळं कबूल.

पण कापायचं तर नट कापा ना! नट फोडायचं हत्यार आहे, ग्राइंडर आहे, ज्योतीशिवाय नट लाल करणारे इंडक्शन हीटर आहेत. स्टड तुटलाच तर ड्रिलने काढून नवा घालता येतो. चार पैशांचा नट वाचवायला शेकडो डॉलरचा धडधाकट कॅट कापायचा, हा कुठला वेळेचा हिशेब? त्या कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. कोरोनाच्या आगेमागे या धातूंचे भाव चढले तेव्हा इथे रातोरात गाड्यांखाली शिरून करवतीने कॅट कापून नेणाऱ्या टोळ्या बोकाळल्या होत्या. चोर पाना वापरत नाही, त्याला गाडीशी देणंघेणं नसतं. दुरुस्ती करणाऱ्याने आणि चोराने एकाच हत्याराकडे पहिला हात टाकावा, हे मला तरी लाजिरवाणं वाटतं.

आणि वाचलेला तास कोणाचा? गॅरेजचा. त्या तासाची किंमत कोण मोजतं? गिऱ्हाईक. दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या वर गेला की चांगलं चालणारं इंजिन, चांगला गिअरबॉक्स, चांगली चौकट, सगळं भंगारात जातं. आणि भंगारात जाते ती श्रीमंताची नाही, ज्याच्याकडे तीच एक गाडी आहे त्याची. तो मग फुटका सायलेन्सर तसाच ठेवून पोरांना शाळेत सोडतो, आणि गळणारा धूर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वासही नसतो.

अलीकडे "दुरुस्तीचा हक्क" हा शब्द खूप ऐकू येतो. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये गाड्यांसाठी तसा कायदा मंजूर केला, २०२० मध्ये तो वाढवला. उत्तम झालं. पण ती लढाई मुख्यतः माहितीची आणि संगणकातल्या आकड्यांची आहे. कंपनीने सगळे सांकेतिक क्रमांक उघड केले आणि नट सुटलाच नाही, तर त्या हक्काची पुंगळी करून सायलेन्सरमध्ये घाला! आणि ती दुरुस्तीची जाडजूड पुस्तकं... जोडणी उलट क्रमाने करावी, असं एका ओळीत सांगून मोकळी होतात. सोडवताना काय काय सोसलं त्याचा उल्लेख नाही.

आत्या, मिक्सरचं म्हणत होते ते आता. तुझ्या मिक्सरचं झाकण तीन कोनी डोक्याच्या विचित्र स्क्रूने बंद केलं आहे ना, आणि दुकानदार म्हणाला ना, "उघडत नाही, नवीन घ्या"? तोच संप्रदाय, दुसरी शाखा. लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत बसून पंखे-मिक्सर उघडणारा कारागीर आधी उघडून बघतो, मग बोलतो. त्या क्रमाला माझा सलाम आहे. २०१७ मध्ये खुद्द माझदाने जपानमध्ये या पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून देण्याची योजना जाहीर केली. म्हणजे जपण्यासारखी वस्तू आहे हे बनवणाऱ्यालाही पटलं आहे, फक्त नटाला अजून कळलेलं नाही. :)

तर मागणं एवढंच. गॅरेजवाल्यांनी आधी पाना लावावा, आणि सोडवायचे किती, कापायचे किती, असे दोन्ही आकडे गिऱ्हाइकापुढे ठेवावेत; निवड गिऱ्हाईक करेल. कंपन्यांनी गरम जागी सुटणारे नट लावावेत. आणि आपण, जे स्वतः हात काळे करतो, आपणही नवीन डबा चढवताना आट्यांना तांब्याची किंवा निकेलची पेस्ट फासावी. मी पितळी नट लावले आहेत, पेस्टही लावली आहे. ही गाडी माझ्यानंतर कोणाकडे जाईल माहीत नाही, पण त्या माणसाला तो सायलेन्सर एका दुपारी काढता येईल.