कोऱ्या पट्टीतला काळ

चित्रकथेवर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पालक म्हणतात, चित्रं सगळंच दाखवून टाकतात, मुलांच्या कल्पनेला काम उरत नाही. रसिक म्हणतात, हा अडखळत चालणारा सिनेमा. हालचालच पाहायची तर पडदा काय वाईट?

पहिल्या आक्षेपात थोडं तथ्य आहे. चित्रात दिसतं तेच मजकुरात पुन्हा सांगणाऱ्या चित्रकथा पुष्कळ निघतात. पण तो त्या कथांचा दोष, माध्यमाचा नव्हे. स्कॉट मॅक्लाउड यांनी ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये (१९९३) हे चितारूनच दाखवलं. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, पुढच्या चौकटीत शहरावर उमटलेली किंकाळी. घाव कुठेच काढलेला नाही. तो मधल्या कोऱ्या पट्टीत वाचकाने घातला. कल्पनेला काम उरत नाही म्हणणाऱ्यांनी हा खून कोणी केला ते सांगावं.

दुसरा आक्षेप काळाविषयीचा. सिनेमात काळ यंत्राच्या गतीने सरतो. चित्रकथेत तो कागदावरच्या जागेने मोजला जातो. बर्नार्ड क्रिगस्टीन यांची ‘मास्टर रेस’ (१९५५) पाहा. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत छळछावणीच्या माजी अधिकाऱ्याला एक ओळखीचा चेहरा दिसतो आणि तो पळत सुटतो. सहा पानांची ही कथा क्रिगस्टीन यांनी जागा मागून घेऊन आठ पानांवर नेली. अखेरच्या क्षणांचे त्यांनी चिंचोळ्या चौकटींत तुकडे केले. त्यामुळे निमिषात संपणारं त्या अधिकाऱ्याचं पडणं लांबत जातं. शेजारून सुटलेल्या गाडीतले चेहरे मात्र एकाच चौकटीत पुन्हापुन्हा उमटतात, आणि स्थिर शाईतून वेग जाणवतो.

रिचर्ड मग्वायर यांची सहा पानी ‘हिअर’ (१९८९) याहून पुढे जाते. खोलीचा एकच कोपरा, आणि चौकटीत चौकटी घालून त्याच जागेची वेगवेगळी वर्षं. पडदा सिनेमालाही विभागता येतो, पण तिथे चित्र प्रेक्षकासाठी थांबत नाही. इथे सारी वर्षं पानावर उभी असतात. कुठे रेंगाळायचं, कुठे मागे फिरायचं, हे वाचकाची नजर ठरवते.

म्हणून चित्रकथा शाळेच्या ग्रंथालयात मानाने ठेवायला हवी. चित्रात काय दिसतं एवढंच मुलांना विचारू नका. दोन चित्रांच्या मध्ये काय झालं, हेही विचारा. उत्तरं वेगवेगळी येतील, पण प्रत्येकाला आपला पुरावा चौकटींतूनच काढावा लागेल. जे लिहिलेलं नाही ते लिहिलेल्याच्या आधाराने ओळखणं, हेच तर वाचन.