अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

मुंबईत नोकरी आणि डोंबिवलीत बिऱ्हाड, हे मराठी मध्यमवर्गाचे गेल्या दोन-तीन पिढ्यांचे गणित. गिरगाव-दादरच्या चाळी सोडून माणसे लोकलच्या रुळांच्या कडेकडेने इकडे सरकत आली ती थोड्या मोकळ्या जागेसाठी. आणि येताना वाचनालय, व्याख्यानमाला, नाटकाचे वेड हेही सामानात बांधून घेऊन आली. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे इथे राहिले. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथा इथून सुरू झाली. २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरले. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नटूनथटून लोटलेली तरुण मुले पाहिली की या गावाच्या प्रेमात पडायला आणखी कारण लागत नाही. मीही पडलो. (सकाळच्या गाडीची गर्दी ते प्रेम रोज तपासून पाहते, तो भाग वेगळा.)

गेल्या पंधरा वर्षांत मी या गावात चार घरे भाड्याने घेतली. खरे तर 'भाड्याने' म्हणणेही चूक. माझ्या करारावर भाडेकरू हा शब्द कटाक्षाने टाळलेला असतो. कागदोपत्री मी 'लिव्ह अँड लायसन्स'चा लायसन्सी, म्हणजे दुसऱ्याच्या घरात परवानगीने वावरणारा इसम. यामागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले; त्यातून सुटण्यासाठी मालकांनी लायसन्सची वाट शोधली; तर १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जागेत राहणारे लायसन्सीही भाडेकरू ठरले. त्या धसक्यातून मालकवर्ग अजून सावरलेला नाही. वस्तुतः १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने चित्र पालटले. मुदत संपल्यावर लायसन्सीने जागा सोडली नाही तर त्याला दुप्पट रक्कम मोजावी लागते. एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या १९०८ च्या नोंदणी कायद्यातील सवलतीवर अकरा महिन्यांची प्रथा पोसली गेली. पण महाराष्ट्रात आता अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. कारण गेले, अकरा महिने मात्र राहिले. आपल्या पुष्कळशा कर्मकांडांचे असेच होते.

तेव्हा मालकाला भीती वाटते, हे मला समजते. निवृत्त माणसाची आयुष्यभराची पुंजी म्हणजे ती दोन खोल्यांची जागा. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी, ओळखपत्रे मागावीत, अनामत घ्यावी, पगाराची चिठ्ठी पाहावी. याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार कागदाच्या आधी जो तोंडी करार होतो त्याविषयी आहे.

सध्याच्या घराच्या वेळी एजंटने फोनवर तीन प्रश्न विचारले होते. नोकरी कुठे? घरात माणसे किती? आणि मग आवाज किंचित खाली आणून, "सर, काकांना आडनाव काय सांगू?" मी सांगितले. "मग काही प्रश्नच नाही," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन तो दारात हजर. तिसरा मजला, पूर्वेची खिडकी, खिडकीबाहेर जांभळाचे झाड. मालक वाचणारे, अगत्यशील; त्यांनी चहा दिला, माझ्या पीएच.डी.चा विषय विचारला. इमारतीत सगळी 'सुसंस्कृत मंडळी' असल्याचे आवर्जून सांगितले. मला ते ऐकून बरे वाटले, हे इथे नोंदवले पाहिजे.

सामान हलवायच्या दिवशी अर्थशास्त्राचा माझा एक सहकारी मदतीला आला. तो मूळचा मराठवाड्यातला, बौद्ध. नोकरीत आणि पगारात माझ्याहून वरचा. पुस्तकांचे खोके उचलून तो जिना चढला आणि खिडकीपाशी थबकला. "सर, ही जागा मी तीन आठवड्यांपूर्वी पाहिली होती," तो म्हणाला. त्याला सांगण्यात आले होते की मालकांचा पुतण्या परदेशातून येतो आहे, त्यामुळे आता जागा द्यायची नाही. मी काही बोलू शकलो नाही. "जांभूळ मात्र छान आहे," असे म्हणून तो पुढचे खोके आणायला खाली गेला.

बाबुराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा मी एम.ए.च्या वर्गाला शिकवतो. १९६३ साली याच नावाच्या संग्रहात ती आली. नोकरीनिमित्त गुजरातेत गेलेला तरुण जात न सांगता भाड्याची खोली मिळवतो आणि जात उघडकीला आल्यावर मार खातो. या कथेच्या संदर्भात मी नेहमी १९१७ सालच्या बडोद्याचा दाखला देतो. परदेशातून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना तिथे पारशी नावाने पारशी विश्रामगृहात राहावे लागले होते, आणि तिथूनही हुसकून लावण्यात आले. मुले हे सारे इतिहास म्हणून टिपून घेतात. मीही बरीच वर्षे तो इतिहास म्हणूनच सांगत होतो.

आता मारहाण होत नाही. पुतण्या परदेशातून येतो. नकाराची भाषा सुसंस्कृत झाली आहे, आणि तिला पुरावा नसतो. 'आमची जागा, आमची मर्जी' या युक्तिवादाला कायद्याचीही बरीच साथ आहे. अहमदाबादेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा हक्क मान्य केला. निर्णयामागचा कायदेशीर तर्क समजून घेता येतो. पण उपनगरातील प्रत्येक इमारतीने तोच मार्ग धरला तर माझ्या सहकाऱ्याने राहायचे कुठे, याचे उत्तर त्या तर्कात नाही. आणि ज्या गावाचे वाचनालयांसाठी, संमेलनांसाठी कौतुक होते, त्या गावाने तरी हा प्रश्न न्यायालयावर सोपवून मोकळे होऊ नये, असे मला वाटते. तेथील खिडक्यांची शांतता आडनावे गाळून मिळवलेली असेल, तर तिच्या मोहात पडलेला माझ्यासारखा माणूसही त्या व्यवहारात सामील आहे. मला तर चाळणीतून पडल्याचे कळलेही नव्हते.

पुढच्या महिन्यात माझे अकरा महिने संपत आहेत. कॉलेजजवळ जागा मिळाल्याने मी हे घर सोडतो आहे. परवा मालक जिन्यात भेटले. मी चांगला राहिलो, असे ते मनापासून म्हणाले आणि मग त्यांनी विचारले, "सर, तुमच्या कॉलेजात कुणाला जागा हवी असेल तर सांगा. आपल्यातलाच कुणी." मी त्यांना सहकाऱ्याचे नाव सांगितले. आडनावासकट.

ते थोडा वेळ कठड्याला धरून उभे राहिले. "घरी विचारून सांगतो," असे म्हणाले. या गोष्टीला नऊ दिवस झाले.