अंगावर काढलेलं

सदर : तब्येतपाणी

मार्चचा तिसरा आठवडा लागला की माझ्या दुकानातल्या पित्ताच्या गोळ्या भराभर संपतात. आष्टीत औषधं विकायला लागून सत्तावीस वर्षं झाली. कोणत्या महिन्यात काय मागवून ठेवायचं, याचं पंचांग आता डोक्यातच आहे. पावसाळ्याच्या तोंडी जुलाबाची औषधं, फवारणीच्या दिवसांत डोळ्यांचे थेंब, दिवाळीनंतर खोकल्याच्या बाटल्या. मार्चात मात्र पित्त खवळावं असं हवेत काहीच नसतं. तूर-चणा घरात आलेला असतो, ऊन अजून अंगाला झोंबत नसतं. असते ती फक्त ३१ तारीख.

आमच्याकडे 'नवं-जुनं' म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पीककर्ज मार्चअखेर भरायचं आणि लगेच नव्यानं उचलायचं. वेळेत भरलं तर व्याजाची सवलत मिळते, नाही तर खातं थकीत. भरायला पैसा हातात नसला, तर चार दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसना घ्यायचा, बँकेत भरायचा, नवं कर्ज मिळालं की परत करायचा. ते चार दिवस माणूस जेवत नाही, झोपत नाही, बायकोशी सरळ बोलत नाही. आणि पाचव्या दिवशी माझ्या काउंटरवर येतो.

परवा साहूरकडचे एक काकाजी आले. पंधरा दिवसांतलं तिसरं पाकीट.

"काहून काकाजी? एवढ्या गोळ्या?"

"जेवन उतरतच नाई ना घशाखाली. इथी आग होते."

'इथी' म्हणताना हात पोटावर नव्हता, छातीवर होता. मी हातातलं पाकीट खाली ठेवलं. ईसीजी काढला का, विचारलं. काढला होता, डॉक्टरनं नॉर्मल म्हटलं होतं. झोप लागते का, विचारलं तर हसले.

"झोप तं बँकेत गहान हाये, भाऊ."

छातीतली आग, डाव्या हाताला मुंग्या, दरदरून घाम, दम लागणं, यातलं काहीही झालं तर आधी दवाखाना गाठायचा. 'टेन्शन असंन' हे निदान डॉक्टरनं तपासल्यावर करायचं. काउंटरवर मी करायचं नाही आणि पारावर तुम्ही करायचं नाही. हे एवढं आधी सांगितलं, कारण खालचं सगळं वाचून कुणी छातीचं दुखणं मनावर ढकलू नये.

आपल्या भाषेत एक जबरदस्त शब्दप्रयोग आहे : दुखणं अंगावर काढणं. औषध न घेता, कुणाला न सांगता, सोसत राहणं. मनाच्या दुखण्याच्या बाबतीत तर तो अक्षरशः खरा ठरतो. जे मनात दाबलं ते अंगावरच निघतं. आपल्या आजीला हे ठाऊक होतं. पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, हातपाय गळतात, काळजात धस्स होतं, जिवाला घोर लागतो. यातला एकही शब्द मेंदूचा नाही, जवळजवळ सगळे इतर अवयवांचे. आणि सगळ्यात भारी म्हणजे 'हाय खाणं'. पोरगा गेला आणि म्हातारीनं हाय खाल्ली, असं आपण म्हणतो तेव्हा शिकलेले लोक त्याला बोलण्याची पद्धत समजतात. १९९० मध्ये जपानच्या डॉक्टरांनी एक हृदयविकार नोंदवला. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो, ईसीजी झटक्यासारखा दिसतो, पण रक्तवाहिन्या मोकळ्या असतात. तिकडे ऑक्टोपस पकडायचं अरुंद तोंडाचं मडकं असतं, त्या आकारावरून त्यांनी नाव दिलं 'ताकोत्सुबो'. रोगी बहुतेक वेळा पाळी गेलेल्या वयाच्या बायका. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक जणी बऱ्या होतात. म्हणजे हाय खरोखर खाल्ली जाते, आणि ती उतरवताही येते.

हे घडतं कसं, ते रात्री पीक राखायला, जागलीला गेलेल्या माणसाला लवकर कळेल. रात्री दीड वाजता, चण्यात खसखस होते. रानडुकरांचा कळप. त्या क्षणी डोक्यातून हुकूम सुटतो, मूत्रपिंडावरच्या टोपीसारख्या ग्रंथींमधून ॲड्रेनालिन रक्तात येतं. ठोके वाढतात, दाब चढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, रक्त पोटाकडून हातापायांकडे वळतं. जेवण पचवायची ही वेळ नाही, हे शरीराला बरोबर कळतं. मागून कॉर्टिसॉल येतं आणि ही तयारी टिकवून धरतं. तुम्ही टिनाचा डबा बडवता, कळप पळतो, अर्ध्या तासानं तुम्ही बिडी पेटवता, अंग जागेवर येतं. ही व्यवस्था उत्तम आहे. तिच्यामुळंच आपण उरलो.

पण बँकेचा मेसेज डबा बडवून पळत नाही. डुक्कर आलं आणि सहा महिने शेताच्या धुऱ्यावरच बसून राहिलं, अशी कल्पना करा. ठोके वाढलेले, साखर चढलेली, पोटाचं काम बंद, मान-खांदे ताठ. महिनोन्‌महिने हेच चाललं तर बीपी वाढायला, शुगर हाताबाहेर जायला, आतडी बिघडायला, साध्या सर्दीनं माणूस आडवा व्हायला वेगळं कारण लागत नाही. त्यात ओलिताची वीज रात्रीची. मोटर सुरू करायला उठायचं, बंद करायला उठायचं. झोपेचे असे तुकडे झाल्यावर शरीरानं दुरुस्ती करायची कधी?

आमच्या वर्धा जिल्ह्यातला बीपीचा सगळ्यात प्रसिद्ध पेशंट सेवाग्रामला राहत होता. गांधीजींच्या तब्येतीच्या नोंदी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यात ऑक्टोबर १९३७ मधला दाब १९४/१३० आहे, आणि फेब्रुवारी १९४० मधला २२०/११०. आजचा कोणताही डॉक्टर हा आकडा पाहून खुर्चीतून उठेल. मिताहार, रोजचं चालणं, प्रार्थना, मातीच्या पट्ट्या, सोमवारचं मौन, सगळं पाळणारा माणूस, आणि तरी देशाचा ताण त्यांच्या रक्तवाहिन्यांनी सोसलाच. १९३७ च्या डिसेंबरात विश्रांतीसाठी जुहूला जाऊन राहावं लागलं. ज्यांना 'मन खंबीर ठेवा' हा सल्ला फुकट वाटत फिरायची सवय आहे, त्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. ताणानं आजारी पडणं म्हणजे मनानं कच्चं असणं नव्हे.

आमच्या गावाची यात आणखी एक अडचण आहे. हे शहीदांचं गाव. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, इथली माणसं पोलीस ठाण्यावर चालून गेली आणि गोळ्या झेलल्या. दर नागपंचमीला आम्ही त्यांना मानवंदना देतो, पोरांना गोष्ट सांगतो, छाती फुगते. पण अशा गावात पन्नाशीच्या गड्यानं 'मले भेव वाटते' म्हणायचं कुठं? म्हणून तो पित्त म्हणतो. पित्ताला लाज नसते.

मी तरी कुठं वेगळा होतो? भावाशी धुऱ्याचा वाद झाला, दोन हात जमिनीचा. बोलणं बंद. त्याच वर्षी माझं पोट बिघडलं. औषधांचं दुकान घरचं, त्यामुळं डॉक्टरकडं जायची गरज वाटली नाही. रॅकवरची गोळी घ्यायची, पाणी प्यायचं, गिऱ्हाईकाला मात्र सांगायचं की चिठ्ठीशिवाय औषध घेत जाऊ नका. असं अकरा महिने. मग नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घालून पाहिलं, सोनोग्राफी झाली, रक्ताच्या सात तपासण्या झाल्या, बिल पाहून पुन्हा पोटात गोळा आला. सगळं नॉर्मल. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटत विचारलं, "घरी काही चालू आहे का, काका?" मला इतका राग आला की काही न बोलता उठून आलो. पोट दुखतंय आणि ही घरची चौकशी करतेय!

चार महिन्यांनी मावशीच्या तेरवीला भाऊ पंगतीत शेजारी बसला. त्यानं माझ्या पानात भात वाढायला लावला, एवढंच. 'कमी खाऊन रायला बे,' म्हणाला. वाद अजून मिटलेला नाही, सरकारी मोजणी व्हायची आहे. पण बोलणं सुरू झालं आणि रॅकवरच्या त्या गोळीची सवय महिन्याभरात सुटली. त्या डॉक्टरीणबाईंची माफी मागायची राहिली आहे.

पुरुषांचं दुखणं निदान काउंटरपर्यंत येतं. बायकांचं घरातच जिरतं. नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या न्यायला आलेली बाई जाताजाता विचारते, 'भाऊ, अंग ठणकते, हातपाय गळून जाते, एखादी ताकदीची गोळी दे ना.' घरी अंथरुणाला खिळलेली सासू, सकाळी निंदण, रात्री पाण्याची पाळी. अमेरिकेत ओहायोमध्ये १९९५ मध्ये एक प्रयोग झाला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या बायका आणि तसं ओझं नसलेल्या त्याच वयाच्या बायका, दोघींच्या हाताला सारखीच छोटी जखम केली. ओझं नसलेल्यांची सरासरी ३९ दिवसांत भरली, सेवा करणाऱ्यांची भरायला जवळपास ४९ दिवस लागले. कातडीलासुद्धा कळतं कोण दमलंय. त्या बाईला मी मल्टिव्हिटॅमिन देतो. तिला खरी गरज दोन तास कुणीतरी सासूजवळ बसायची आहे, ते माझ्या रॅकवर नाही.

झोपेची गोळी मागणारेही येतात. अल्प्राझोलामसारखी औषधं एच-वन यादीत आहेत. डॉक्टरची चिठ्ठी लागते, पेशंटचं नाव वेगळ्या वहीत लिहावं लागतं, ती वही तीन वर्षं जपावी लागते. ओळखीच्या माणसाला नाही म्हणताना वाईटपणा येतो, पण मी नाही म्हणतो. सवय लागते ती लागते, वर मूळ दुखणं तसंच.

मग उपाय काय? पहिला मी शेजारच्या अमरावती जिल्ह्यात पाहिलेला सांगतो. तिथं ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं, आणि त्या नावातच आजाराऐवजी 'ताण' हा शब्द होता. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं : घरी जायचं, ऐकायचं, लागलं तर समुपदेशकाकडे आणि त्याहून लागलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. आधी नैराश्य असलेल्या शंभरांतले जेमतेम चार जण मदत घ्यायचे. दीड वर्षानं २७ जण घेऊ लागले. 'लॅन्सेट सायकिॲट्री'त २०१७ मध्ये हे छापून आलं. नवीन औषध शोधलं नव्हतं. ओळखीचा माणूस ओट्यावर येऊन बसला होता.

दुसरा उपाय आमच्या घरचा, पण आम्ही त्याला भक्ती समजून सोडून दिलं. दिवेलागणीला गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना. तुकडोजी महाराजांची मोझरी इथून लांब नाही, त्यांनीच ही सवय गावागावांत लावली. श्रद्धेचं ज्याचं त्यानं पाहावं. मी फक्त छातीच्या भात्याबद्दल बोलतो. चार माणसं एका सुरात म्हणतात तेव्हा श्वास सोडणं आपोआप लांबतं, आणि श्वास हळू सोडला की ठोके उतरतात. शिवाय जो तीन दिवस आला नाही त्याच्याकडं चौथ्या दिवशी कुणीतरी विचारायला जातं. मोबाइलवरच्या ध्यानाच्या ॲपला हे जमत नाही.

खर्ऱ्याचं बोलायलाच हवं, कितीही नावडतं असलं तरी. 'टेन्शन आलं की पुडी लागतेच' म्हणणाऱ्यांनी समजून घ्यावं की तंबाखूतलं निकोटीन ठोके आणि दाब वाढवतं. जी हुशारी वाटते ती मघाची तलफ भागल्याची. डुक्कर हाकलायला गेलात आणि दुसरं आत घेतलंत. चालणं मात्र कामाचं आहे. 'दिवसभर शेतात राबतो, आणखी काय चालू?' हा प्रश्न रास्त आहे, तरी ओझं न घेता, कुणाला सोबत घेऊन अर्धा तास गावाबाहेर जाऊन पाहा. अर्धं काम पायांचं, अर्धं सोबत्याचं.

आणि एक गोष्ट शहरातल्या सल्लागारांसाठी. कापसाला भाव नाही, संत्र्याची गळ झाली, मोटरला दिवसा वीज नाही, अशा माणसाला 'दीर्घ श्वास घ्या' एवढंच सांगणं हा अपमान आहे. श्वासानं कर्ज फिटत नाही. इथल्या ताणाचा अर्धा इलाज बँकेत, बाजार समितीत आणि वीज कंपनीच्या उपकेंद्रात आहे, तो तिथंच मागायला हवा. माझं म्हणणं इतकंच की तो मिळेपर्यंत माणूस जागेवर राहिला पाहिजे.

त्यासाठी टेली-मानस ही मनाच्या दुखण्याची सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलतात, गाव विचारून हसत नाहीत. जीव नकोसा वाटत असेल तर ३१ मार्चची वाट पाहू नका, आत्ताच लावा. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं जायला वेडं असावं लागत नाही. दुकानात मी काउंटरच्या आतल्या बाजूला एक स्टूल ठेवलंय. साहूरचे काकाजी त्यावर वीस मिनिटं बसून गेले, तिसरं पाकीट तिथंच विसरले. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं. या.