आधी आकडा सांगा

‘मस्टर्ड वायू’ हे नाव फसवे आहे. तो मुळात वायूच नव्हे. नेहमीच्या तापमानाला तो तेलकट द्रव असतो. उकळतो तो सुमारे २१७ अंश सेल्सिअसला. म्हणून तो चटकन उडून जात नाही, मातीत आणि कपड्यांत रेंगाळतो. कातडीला लागला तरी त्या क्षणी दुखत नाही. फोड येतात ते काही तासांनी. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जर्मन सैन्याने बेल्जममधील ईप्र शहराजवळ तो प्रथम वापरला.

याच द्रव्याचा १,०४४ टन साठा आपल्याजवळ आहे, असे भारताने १९९७ साली जाहीर केले. रासायनिक अस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार त्या वर्षी २९ एप्रिलला अमलात आला आणि करारानुसार साठा सांगणे भागच होते. पण त्याआधी, ऑगस्ट १९९२ मध्ये, भारत आणि पाकिस्तान यांनी अशी अस्त्रे आम्ही बनवणार नाही, मिळवणार नाही, असे संयुक्तपणे घोषित केले होते. त्यामुळे १९९७ ची कबुली पुष्कळांना बोचली. माझ्या मते मात्र या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाची गोष्ट तीच. ‘आम्ही बनवणार नाही’ हे वाक्य तपासायचे कसे? ‘१,०४४ टन’ हा आकडा तपासता येतो. निरीक्षणे न लिहिता नुसता निष्कर्ष लिहिलेली प्रयोगवही आम्ही परत करतो, ती याचसाठी.

हेग येथील संस्थेच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली हा साठा मार्च २००९ पर्यंत नष्ट झाला. २००७ ची मूळ मुदत वाढवून घ्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे. तरी अल्बानिया आणि दक्षिण कोरिया यांच्या पाठोपाठ जाहीर साठा संपवणारा भारत तिसरा देश ठरला. रशियाला त्यासाठी २०१७ साल उजाडले, अमेरिकेला २०२३.

भारताने हा करार स्वीकारला, पण अण्वस्त्रप्रसारबंदीचा १९६८ चा करार स्वीकारलेला नाही. यात विसंगती नाही. त्या करारात पाच देशांना अण्वस्त्रे ठेवण्याची मुभा आहे, इतरांना नाही. रासायनिक अस्त्रांच्या करारात मात्र लहानमोठ्या सर्वांना एकच नियम.

अस्त्रे नष्ट झाली तरी रसायनशास्त्र राहतेच. थायोडायग्लायकॉल हे द्रव्य बॉलपेनच्या शाईत आणि कापडाच्या रंगकामात वापरतात, आणि मस्टर्डही त्यापासून बनू शकतो. अशा द्रव्यांच्या कारखान्यांना उत्पादनाची माहिती द्यावी लागते, परदेशी निरीक्षकांना दार उघडावे लागते. त्यासाठी आपल्या संसदेने २००० साली कायदा केला. ही कटकट आहे, व्यापारातील गुपिते फुटतील, अशी कुरकुर ऐकू येते. गुपिते जपण्याची तरतूद करारात आहे. आणि थोडी कटकट झाली तर होऊ द्यावी. तुमच्यापैकी काहीजण पुढे अशा कारखान्यांत रसायनतज्ज्ञ व्हाल, तेव्हा त्या नोंदींवर सही तुमची असेल.

आज १९३ देश या करारात आहेत. इजिप्त आणि उत्तर कोरिया यांनी सहीच केलेली नाही. इस्रायलने १९९३ साली सही केली, पण अद्याप मान्यता दिलेली नाही. या देशांशी बोलताना भारताने आपला १९९७ चा अनुभव मोकळेपणाने पुढे ठेवावा, अडचणीच्या भागासकट.