भरवशाची गाडी

या पानावर वर्षभर शब्दांच्या कुळकथा सांगणाऱ्या माणसाने दिवाळीत मोटारीविषयी लिहावे, हे काही वाचकांना रुचणार नाही. पण 'भरवसा' हा शब्द मला कोशात जितका कळला नाही, तितका एका मोटारीत बसून कळला. तेव्हा या खेपेला कागदाला थोडे ग्रीस लागले, तर वाचकांनी चालवून घ्यावे.

आमच्या घरी पहिली मोटार आली ती वडिलांनी तिसऱ्या हाताची घेतलेली. तिचे नाव सांगत नाही. भंगारात गेलेल्या गाडीविषयी वाईट बोलू नये. दर मे महिन्यात आम्ही तिच्यातून मामांकडे पुण्याला जात असू, आणि खंडाळ्याच्या घाटात ती हटकून बसे. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांचे ते दुखणेच होते. चढ, ऊन आणि तापलेले इंजिन एकत्र आले, की नळीतल्या पेट्रोलची वाफ होई आणि पंप नुसती वाफच ओढीत राही. उपाय सोपा: पंपावर ओले फडके घालायचे आणि वाट पाहायची. आई त्यासाठी जुन्या धोतराचे फडके आणि पाण्याची एक बाटली निराळी ठेवी. शिंगरोबाच्या देवळापाशी गाडीवाले एक नाणे टाकीत. वडील दोन टाकीत. पण त्या गाडीने आमचा घात असा कधी केला नाही. ती बसणार हे ठाऊक होते, कुठे बसणार आणि किती वेळाने उठणार हेही ठाऊक होते. दशम्या त्याच हिशेबाने बांधलेल्या असत.

२०१२ साली मी स्वतः नवी कोरी मोटार घेतली. हिचेही नाव सांगत नाही, कारण वेगळे. चावीच्या मुठीत म्हणे एक चिप होती. ती ओळख पटवील तेव्हाच इंजिन सुरू व्हायचे. चोरांपासून संरक्षण! मी पेढे वाटले.

आमच्या मीरा रोडच्या सोसायटीत तळमजल्यावर एक काका राहत. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये त्यांची उभी हयात गेलेली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. पन्नाशीच्या दशकात तिथे फियाट ११०० बनू लागली, आणि १९७४ पासून तिलाच चितोडच्या राणीचे नाव मिळाले: पद्मिनी. काकांकडे १९९० सालची पद्मिनी होती. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे बाकासारखी सलग सीट. भाईंदरच्या मिठागरांवरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने तिचे पत्रे खाल्ले होते, आणि डावा वायपर कुणीतरी लांबवला होता. नवी गाडी दाराशी आल्यापासून मला ते ध्यान डोळ्यांत खुपू लागले. फाटकाजवळची सोयीची जागा त्या गाडीने अडवलेली, शिवाय खाली तेलाचा डाग. मी सोसायटीला एक तक्रारअर्ज लिहिला. मराठीचा प्राध्यापक अर्ज लिहितो तेव्हा तो चार पानी होतो. त्यात 'अडगळ' हा शब्द तीन वेळा होता. रविवारच्या सभेत तो वाचला जायचा होता.

त्याच आठवड्यात, बुधवारी रात्री दोनच्या सुमारास आईला दम्याचा झटका आला. नेहमीचा पंप घेऊनही उतरेना. ओठ काळसर दिसू लागले. बाहेर मुसळधार पाऊस. आईला धरून खाली आणले, गाडीत बसवले, चावी फिरवली. समोर लाल कुलपाचे चित्र लुकलुकू लागले. पुन्हा फिरवली, पुन्हा लुकलुक. भरवशाच्या म्हशीला टोणगा! माझीच गाडी मला चोर ठरवीत होती, आणि तिची समजूत घालायला भाषा नव्हती. पहारेकऱ्याने धक्का मारून पाहिला; परंतु ओळख पटल्याविना असल्या गाड्या धक्क्यालाही दाद देत नाहीत. स्टेशनवर रिक्षा पाहायला धावावे, तर आईला सोडवेना.

आवाजाने काका बाहेर आले. अंगात बनियन, हातात किल्ली. आईकडे एकदा पाहून म्हणाले, "वहिनींना इकडे आणा. पुढेच बसवा, मध्ये. दम्याचं माणूस टेकून ताठ बसलं पाहिजे."

त्या सलग सीटवर आई आम्हा दोघांच्या मध्ये बसली. काकांनी चोक ओढला. "पहिल्या दोन खेपांना ती घेत नाही," ते म्हणाले, "घाबरू नका. तिसऱ्याला घेते." एक खेप झाली. दुसरी झाली. त्या दोन खेपांत मी जितके देव आठवले, तितके पंचांगातही नसतील. तिसऱ्या खेपेला गाडी सुरू झाली.

काशिमिरा, हायवे, दहिसरचा टोलनाका. तेव्हा तिथे टोल होता, आणि काकांनी सुटे पैसे आधीच मुठीत धरलेले. बोरिवलीच्या इस्पितळात आईला ऑक्सिजन लावला. पहाटे तिने डोळे उघडले आणि विचारले, "गाडी कुणाची होती रे? सीट मऊ होती."

माझी गाडी अकरा दिवस कारखान्यात होती. चावीची ओळख पटवणारे यंत्र बिघडले होते, ते बदलले. खरे सांगायचे तर त्यानंतर ती एकदाही अडली नाही. हल्लीच्या गाड्या एकूण कमीच अडतात. पण अडतात तेव्हा माणसाने करण्यासारखे काही उरत नाही. काकांना आपल्या गाडीचा स्क्रू न् स्क्रू ठाऊक होता, आणि जे ठाऊक नसेल ते कुठल्याही नाक्यावरच्या मेकॅनिकला ठाऊक असे.

शनिवारी अर्ज मागे घ्यायला मी सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, "काकांनी तो सोमवारीच वाचलाय. म्हणाले, मास्तरांचं अक्षर छान आहे." म्हणजे बुधवारी रात्री ते बाहेर आले, ते माझी चारही पाने वाचून. माफी मागायला मी चार दिवसांनी गेलो. काकांनी चहा दिला आणि ऑइल केव्हा बदलावे, यावर तासभर सांगितले. अर्जाचा विषय मीच काढला, तेव्हा म्हणाले, "तेलाचा डाग खरा आहे हो. सील गेलंय."

२०१५ साली काका चिपळूणजवळ आपल्या गावी राहायला गेले. त्याच गाडीने, स्वतः चालवीत. पुढे वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमच्या गेल्या. वर्तमानपत्रांतून त्यांना निरोप देणारे लेख आले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन.

"मास्तर, तुम्ही लिहिता ना कुठंतरी? मग एवढं छापा, की माझी अजून चालू आहे."

"छापतो, काका."

"आणि तिसऱ्या खेपेला घेते, तेही छापा. उगाच लोकांचा गैरसमज नको."