‘फँड्री’मधली भिंत

‘फँड्री’ पुन्हा बघितला. १४ फेब्रुवारी २०१४ ला आलेला सिनेमा. विषय निघाला की सगळ्यांना शेवटचा दगड आठवतो. माझं म्हणणं एवढंच, या वेळी दगड बाजूला ठेवा आणि त्याच्या आधीची भिंत बघा.

पहिल्यांदा बघताना आपण जब्याच्या मागे पळत असतो. शालू त्याच्याकडे बघेल का, जीन पँट मिळेल का, काळी चिमणी सापडेल का. जीव तिथेच अडकलेला असतो. दुसऱ्यांदा शेवट माहीत असतो, मग नजर कडेला जाते.

कडेला काय आहे? वर्गात चोखोबांचा अभंग शिकवला जातोय. परीक्षेला येईल म्हणून पोरं पाठही करतील. वर्गाबाहेर त्या अभंगाचं काय होतं, हेच तर पुढचा सगळा सिनेमा दाखवतो. जत्रेत पोरं नाचतात आणि जब्याच्या डोक्यावर बत्ती येते. उजेड त्याचा, नाच दुसऱ्यांचा.

मग डुक्कर धरायचा तो प्रसंग. गाव कडेला उभं राहून हसतंय. तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागीच उभा राहतो, घरचेही थांबतात, आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटतं. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. तेवढा वेळ कचरू माने आणि गाव एका रांगेत. ते संपलं की पुन्हा तेच हसणं.

आणि शेवटी ती भिंत. बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले, आणि त्यांच्या समोरून बांधलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन माणसं चाललेली. कुणी भाषण देत नाही. गरजच नाही.

आपल्याकडे अशा भिंती कमी आहेत का? एप्रिल आला की चौकाचौकात बॅनर लागतात, हार पडतात, डीजे वाजतो. लागू देत, माझी तक्रार नाही. पण रस्त्यात जनावर मरून पडलं, गटार तुंबलं, की फोन कुणाला जातो? आलेल्या माणसाला आपण हाक कशी मारतो, नावाने की जातीने? पाणी पाजताना भांडं कुठलं काढतो?

महापुरुषांचा फोटो भिंतीवर लावायला एक दिवस पुरतो. त्याच भिंतीपुढून जाणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला माहीत आहे का, ते बघा. जयंती साजरी झाली की नाही, ते तिथे कळतं.